कपाळाची मधली जागा

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही. आई जाऊन आठवडा झाला. आज दुपारी बाळूचा फोन आला. बाळू म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आप्पांचा, मुलगा. कुंडलमधलं आप्पांचं फोटोचं दुकान आता तोच चालवतो. आईच्या दहाव्याला चौकात लावायचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यानं करायला घेतला होता. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर जरा घुटमळला आणि म्हणाला, "ताई, चुलतीचा फोटू घेतलाय. पर कपाळाचं काय करायचं? ठेवायचं का काढायचं?" उत्तर एका शब्दात देता आलं असतं. पण त्या एका शब्दामागे एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं. "संध्याकाळी सांगते," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. माझी मुलगी म्हणते, आठवणी लिहायचं तुझं वय झालं नाही अजून. आई गेली की ते वय एका दिवसात होतं, हे तिला कळायला वेळ आहे. तेव्हा आधी हे लिहून काढते आणि मग बाळूला फोन करते.

आमचं घर कुंडलच्या रस्त्याकडेला. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेपासून उसाच्या ट्रॉल्या दारावरून जायच्या, ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं लावलेली असायची, आणि त्या आवाजात आईच्या भाकरी थापण्याचा आवाज बुडून जायचा. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, मिलिटरीत होते. सुट्टीवर आले की त्यांची काळी पत्र्याची ट्रंक ओट्यावर उतरायची, आणि ट्रंकेतल्या साबणाचा वास दोन दिवस घरभर फिरायचा. आई तेव्हा मेण लावून त्यावर कुंकू लावायची. टिकल्या आल्या होत्या, माझ्या मैत्रिणींच्या आया टिकल्याच लावायच्या, पण आई बोटाच्या टोकानं मेणाचा गोल काढायची आणि त्यावर कुंकू दाबायची. आरसा लागायचा नाही तिला. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, एका हातात पळी, दुसऱ्या हाताच्या बोटानं कुंकू. ते एवढं बरोबर मधोमध बसायचं की दादा म्हणायचे, हिला नेम धरायला पलटणीत न्यायला पाहिजे.

मग एका हिवाळ्यात दादांची गाडी वर कुठेतरी दरीत गेली आणि ते पेटीतून घरी आले. गावानं मोठी यात्रा काढली, घोषणा झाल्या, बंदुकांच्या फैरी झाल्या. ते सगळं पुढच्या दारी. मागच्या दारी, धुण्याच्या दगडाजवळ, भावकीतल्या बायकांनी आईचे हात धरले, तिच्या बांगड्या दगडावर फोडल्या, आणि तिच्याच पदरानं तिचं कपाळ पुसलं. मेण लवकर निघेना, म्हणून घासलं. मी दारात उभी होते. मला आठवतं ते आईचं रडणं नव्हे. एकाही बाईनं आईला एकदाही विचारलं नाही, ते आठवतं. पदर ओला करायला पाणी हवं होतं, तेवढं मात्र त्यांनी विचारलं, "पानी कुटं हाय गं?" कपाळावर इतकी वर्षं झाकून राहिलेल्या कातडीचा एक फिकट गोल तेवढा उरला. तो पुढे कधीच पुरता मिटला नाही.

आप्पा आणि आम्ही एकत्रच राहायचो, एकच चूल. आप्पांची बायको, म्हणजे आमची काकी, देवघर बघायची आणि आई चूल. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून काकी आता तिची फार वाखाणणी करते, ती करू दे. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळाच्या वड्या आई थापायची, वाण म्हणून द्यायच्या वाट्या आई घासायची, दुधात जायफळ आई किसायची, आणि बायका यायला लागल्या की आईच मागच्या खोलीत जाऊन बसायची. कुणी "जा" म्हणायचं नाही. म्हणायची गरजच पडायची नाही. मी मात्र एकदा वड्यांचं ताट उचलून तिच्यासमोर नेऊन आदळलं आणि म्हटलं, "तूच केल्यास, तूच खा समद्या." ती हसली आणि तिनं एक वडी खाल्ली. मला तिचं हसणं तेव्हा अजिबात आवडलं नाही. आजही आवडत नाही.

बारावी झाल्यावर मी कॉलेजात कॉम्प्युटरला गेले आणि दुपारनंतर आप्पांच्या दुकानात बसायला लागले. दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे निळा पडदा लावलेली फोटो काढायची खोली, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर, जो आप्पांनी कुठूनतरी जुना आणला होता. फ्लेक्सचा धंदा नुकताच जोरात आला होता. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली. माणसाच्या आयुष्यात काहीही झालं की गोल गोल चौकटीत चेहरे बसवून ते चौकात टांगायचं. चेहरे आम्ही नीट करून द्यायचो आणि छपाई विट्याला व्हायची. पण त्या कॉम्प्युटरवर फोटोचा प्रोग्रॅम उघडायचा म्हणजे परीक्षा. त्याची खिडकी उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आणि चार फोटो एकदम उघडले की सगळं गोठून जायचं. आप्पा कॉम्प्युटरला शिव्या द्यायचे, मग बाळूला, मग सरकारला.

त्या प्रोग्रॅमच्या मदतीच्या पानांत एक गोष्ट मला सापडली. त्याची खिडकी उघडायचीच गरज नव्हती. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाईप करायचं, खिडकी नको अशी खूण द्यायची, आणि काय करायचं ते कंसात लिहून द्यायचं. कंसात कंस, त्याच्या पोटात आणखी कंस. एक कंस मिटवायचा राहिला की तो अडून बसायचा. पण बरोबर लिहिलं की एका ओळीत अख्ख्या फोल्डरमधले फोटो कापून, उजळून, एका मापात तयार. एकही फोटो उघडायचा नाही, बघायचा नाही. शेवटी "आता जा" हेसुद्धा कंसातच सांगावं लागायचं. ते विसरलं की काम संपल्यावरही तो आत मुकाट बसून राहायचा आणि कॉम्प्युटर आणखी जड व्हायचा. पहिल्यांदा शाळेच्या ओळखपत्रांचे सगळे फोटो मी असे करून दिले, तेव्हा आप्पा काउंटरवर हात आपटून म्हणाले होते, "दादाची पोरगी हाय! पलटणच हाय हिच्या हाताखाली!" खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी हवेत होते.

रात्री जेवताना आईला सगळं सांगितलं. ती भाकरी मोडता मोडता ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजी तू सांगशील त्ये त्यो करतो?"

"व्हय."

"उलटं कायबी इचारत न्हाई? खिडकीत काम करताना इचारतोय म्हनालीस की, पुसू का, ठेवू का."

"खिडकीत इचारतो. असं सांगितल्यावर न्हाई इचारत."

आईनं माझ्या ताटात ठेचा वाढला. "मग लय जपून सांगत जा बाई," म्हणाली. आज कॉम्प्युटर शिकवून पोट भरते मी, पण त्या यंत्राबद्दल याहून शहाणं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

हळूहळू मी असे हुकूम फायलींमध्ये लिहून ठेवले, म्हणजे मी नसले तरी बाळूनं नुसतं फोल्डरचं नाव द्यायचं आणि एंटर मारायचं. त्यातल्या एका फायलीचं नाव होतं 'डाग'. कॉलेजच्या पोरापोरींच्या कपाळावर पुटकुळ्या असायच्या. सगळे फोटो एकाच मापात कापलेले असल्यामुळे कपाळ कुठे येणार हे ठरलेलं असायचं. त्या पट्टीत जो लालसर डाग सापडेल तो शेजारच्या कातडीच्या रंगानं भरून टाकायचा, एवढंच ते काम. पण त्यात मी एक ओळ मुद्दाम घातली होती: कपाळाची मधली जागा सोडून दे. नाहीतर बायकांची कुंकवं, टिकल्या, सगळं डाग समजून त्यानं पुसलं असतं. ती ओळ कशासाठी आहे हे बाळूला मी दोनदा समजावून सांगितलं होतं. आणि तयार फोटो जुन्या फोटोवरच साठवायचा, वेगळी प्रत ठेवायची नाही, हा आप्पांचा हुकूम. "डबल डबल फायली कशाला? जागा खात्यात," म्हणायचे. मी भांडले होते त्यावरून. दुकान त्यांचं होतं.

त्या जानेवारीत दोन फ्लेक्स एकदम आले. एक काकीच्या बचत गटाचा. संक्रांतीचं हळदीकुंकू गटानं यंदा चौकात मांडव घालून करायचं ठरवलं होतं. काकी अध्यक्ष, म्हणून मध्ये तिचा मोठा फोटो आणि भोवती गटातल्या बायका. दुसरा माजी सैनिकांचा. गावातल्या ज्या बायकांचे नवरे नोकरीत असताना गेले, त्यांचा सत्कार व्हायचा होता, आणि फ्लेक्सवर त्या सगळ्यांचे फोटो. त्यात आई होती. सुभेदार नाना म्हणून एक निवृत्त गृहस्थ पुढाकार घेत होते, चांगले कडक इस्त्रीचे. ते फोटो घेऊन दुकानात आले. घरोघरून मिळालेले ते फोटो जुने होते, नवरे जिवंत असतानाचे. सगळ्यांच्या कपाळाला कुंकू. आईचा तेवढा दुकानातल्या कॉम्प्युटरवरच होता, आप्पांच्या कॅमेऱ्यानं दादांनी काढलेला, घरामागच्या परड्यात, मागे लिंबाचं झाड.

नाना काउंटरवर रेलून म्हणाले, "आप्पा, तेवढी कपाळं बघून घ्या. पावणं येणार हायत, स्टेजवर बरं दिसत न्हाई."

"व्हय व्हय, ती काळजी सोडा," आप्पा म्हणाले. "पोरगीला एका बटनाचं काम हाय. सुमे, तुझं त्ये डागाचं हाय न्हवं, त्ये चालव ह्येच्यावर."

मी म्हटलं, "त्यांनी सांगितलंय का काढायला?"

"कुणी?"

"ज्यांचे फोटू हायत त्यांनी."

नाना हसले. खरोखर हसले, गमतीनं. "आगं, त्यास्नी काय इचारायचं? ह्यात इचारण्यागत काय हाय?"

"इचारा की. माझी आईबी हाय त्यात. ती हितनं पन्नास पावलांवर भाकरी करत बसलीया. जावा, इचारा."

आप्पांचा चेहरा बदलला. गिऱ्हाइकासमोर पोरीनं उलट बोलणं त्यांना सोसायचं नाही. "गप काम करायचं. दुकान काय तुझ्या बापाचं न्हाई."

"बापाच्या जिवावरच सत्कार लावलाय न्हवं तुमी?" मी म्हटलं. "त्यो मेला म्हनूनच हार घालताय न्हवं आईला? मग त्येनं काढल्याल्या फोटूला हात लावायचा न्हाई." आवाज एवढा चढला होता की पलीकडचा सायकलवाला बाहेर येऊन बघायला लागला. मी चप्पल घातली आणि घरी निघून आले. आईला त्यातलं काहीच सांगितलं नाही. सांगून काय, तिनं "जाऊ दे" म्हटलं असतं, आणि त्या दिवशी ते शब्द मला ऐकायचे नव्हते.

मी केलं नाही म्हणून ते राहिलं नाही. बाळूनं केलं. माझ्या शेजारी बसून बसून त्याला एवढं कळलं होतं की ती मधली जागा सोडायची ओळ काढून टाकली की झालं. त्यानं ती काढली, फाईल तशीच साठवली, आईच्या आणि बाकीच्या बायकांच्या फोल्डरचं नाव दिलं आणि एंटर मारलं. क्षणात सगळी कपाळं कोरी. दगडावर घासायला माणसं तरी लागली होती. इथे तेही नाही. मग दुसऱ्या दिवशी, रोजचं काम म्हणून, त्यानं बचत गटाच्या बायकांच्या फोल्डरवरही 'डाग' चालवलं, कारण काकीच्या कपाळावरचे वांग तेवढे निघावेत अशी काकीचीच इच्छा होती. ओळ परत घालायची राहून गेली. फोटो उघडून बघायचे नसतात, हीच तर सोय होती. दोन्ही फोल्डर विट्याला गेले. तिथल्या माणसाला या बाया कोण, कुणाच्या, काही ठाऊक नाही. त्यानं गोलात चेहरे बसवले, फुलांची नक्षी काढली आणि छापून दिलं.

सकाळी मी आंघोळ करून केस विंचरत होते आणि चौकाकडून आरडाओरडा ऐकू आला. मारामारी झाली असं वाटून मी धावले. मांडवाच्या तोंडाशी, दोन बांबूंमध्ये, काकीचा फ्लेक्स ताणून बांधलेला. वर सोनेरी अक्षरात 'सर्व सुवासिनींचे सहर्ष स्वागत', आणि खाली काकीसकट गावातल्या सगळ्या नावाजलेल्या बायका, हातभर बांगड्या, गळ्यात डोरलं, आणि कपाळ पाटीसारखं कोरं. गटाच्या खजिनदार बाईचा नवरा, तात्या, अंगावर नुसता बनियन, आप्पांची गचांडी धरून उभा होता. "आमी मेलोय व्हय रं? बोल की! मेलोय व्हय आमी? जित्या मानसाच्या बायकूचं कुक्कू पुसतोस?" दुसरा एकजण दगड शोधत होता. काकी मांडवाच्या खांबाला टेकून रडत होती, आणि चार बायका तिला पदरानं वारा घालत होत्या. "आगं बाई, काय ह्यो अपशकुन, कुनाची नजर लागली गं माझ्या कुक्काला..." असं मोठ्यानं. खरं सांगायचं तर मला हसू आलं. त्यांचे सगळ्यांचे नवरे समोरच उभे होते, धडधाकट, एकेकाचं पोट बनियनमध्ये मावत नव्हतं.

तो फ्लेक्स बघता बघता फाडून खाली आला. तात्यानं तो पायाखाली घेतला, मग लक्षात आलं की त्यावर आपलीच बायको आहे, तेव्हा उचलून घडी घातली. आप्पा हात जोडून सगळ्यांची माफी मागत होते. "मशीनची चूक झाली. मशीनला काय कळतंय? आजच्या आज दुसरा छापून लावतो." आणि सगळा वेळ, दहा पावलांवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीला दुसरा फ्लेक्स लावलेला होता. त्यावर आई होती. मागे लिंबाचं झाड, अंगावर दादांनी आणलेलं हिरवं लुगडं, हातात चुडा, आणि कपाळ कोरं. तेच काम, तीच फाईल, तेच बटन. त्या फ्लेक्सकडे एकाही माणसानं मान वळवून पाहिलं नाही. मला वाटलं होतं मी रडेन. मला रडू आलं नाही. माझे हातपाय तापले.

मी भिंतीकडे गेले आणि दोरी सोडायला लागले. आप्पा ओरडले, "आगं ये, त्यो कशाला काढतीस? त्यो बरोबर हाय!"

"बरोबर हाय?" मी म्हटलं. "ह्ये बरोबर, आन् त्ये चूक? ह्यातबी तीच चूक झालीया आप्पा. तुमच्या मशीननं न्हाई, तुमी केलीया. काकीचं पुसलं तर अपशकुन, आन् माझ्या आईचं पुसलं तर पावण्यांत शोभून दिसतंय?" मी आणखी बरंच बोलले. सगळं आठवत नाही, आणि जे आठवतं त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. सुभेदार नानांनी येऊन माझ्या हातातली दोरी काढून घेतली आणि परत बांधली, गाठ मारून, नीट. कुणीतरी मागून म्हणालं, बापाविना पोर वाढली की असं होतंय. इतकी वर्षं झाली, ते कोण म्हणालं हे शोधण्याचा मी अजून प्रयत्न करते.

कॉम्प्युटरवरचे जुने फोटो तर राहिले नव्हते. आप्पांच्या जागा वाचवण्याच्या हुकुमानं सगळ्या मूळ फोटोंवरच कोरी कपाळं साठवली गेली होती. बाकीच्या बायकांचे कागदावरचे फोटो घरी परत गेले, पण दादांनी काढलेला आईचा तो फोटो कागदावर कधी छापलाच नव्हता. आप्पांकडेच होता, कॉम्प्युटरवर. तो गेला. याबद्दल मला आजवर कुणी एका शब्दानं "चुकलं" म्हटलेलं नाही.

दुपारी गटातल्या सगळ्या बायका नव्यानं फोटो काढायला दुकानात जमल्या. कॅमेरा माझ्या हातात दिला, कारण बाळू भीतीनं पळाला होता आणि आप्पा विट्याच्या छपाईवाल्याशी फोनवर भांडत होते. निळ्या पडद्यासमोर स्टूल. शेजारी टेबलावर काकीचा चांदीचा करंडा, सकाळच्या अपशकुनावर उतारा म्हणून मुद्दाम घरून आणलेला. एकेकीनं येऊन त्यातलं कुंकू ठसठशीत लावायचं आणि स्टुलावर बसायचं. बायकांनी खोली भरली होती, गजऱ्यांचा वास, सगळ्यांच्या तोंडात सकाळचीच गोष्ट. तेवढ्यात आई दारात आली. सकाळपासून मी उपाशी होते म्हणून भाकरी आणि वांग्याची भाजी फडक्यात बांधून आणली होती. तिनं चौकातला फ्लेक्स येताना पाहिला होता. हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि म्हटलं, "आई, तुझा फोटू काढू का?"

तिनं फडक्याची गाठ पुन्हा आवळली. मी पुन्हा म्हटलं, "त्यांनी कुणी इचारलं न्हाई. मी इचारतीय. काढू?"

"कसा काढशील?" तिनं विचारलं.

"तू सांगशील तसा."

तिनं फडकं माझ्या हातात दिलं आणि टेबलाकडे गेली. काकीनं झटकन करंडा आपल्याकडे ओढला. तो ओढण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो, चांदी लाकडावर घासल्याचा. आई थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "आक्का, तुमचं फोटूतलं पुसलं तर तुमी सकाळधरनं रडतायसा. माझं तर खरंखुरं पुसलं, तवा तुमीच हात धरला हुता माझा." काकी करंड्याकडे बघत राहिली. मग तिनं आईकडे न बघता तो टेबलावर पुढे सरकवला. फार नाही, वीतभर. मी काकीला त्याबद्दल माफ केलेलं नाही, पण ती वीतभर मी विसरलेही नाही.

मेण नव्हतं. आईनं बोट जिभेला लावलं, मग करंड्यात बुडवलं आणि कपाळावर ठेवलं. आरसा समोर होता, तिनं त्यात पाहिलं नाही. त्या फिकट गोलावर ते बरोबर बसलं. मग स्टुलावर बसून तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "काढ आता." हसली नाही. तो फोटो माझ्या कपाटात असतो; आत्ता तो समोर ठेवून मी हे लिहिते आहे.

आप्पांनी तो फोटो दुकानातून छापू दिला नाही, तो मी विट्याहून छापून आणला. माजी सैनिकांचा फ्लेक्स तसाच राहिला. सत्काराच्या दिवशी नाना बोलवायला घरी आले तेव्हा आई चुलीपाशी बसली होती, कपाळाला कुंकू. ते बघून नाना दारातच अडखळले. आई म्हणाली, "मी न्हाई येत. ज्या बाईचा फोटू लावलाय तिला द्या म्हनावं नारळ. मला ती बाई म्हाईत न्हाई." नाना आल्या पावली गेले. गाव बोललं, भावकी बोलली, काकी कितीतरी दिवस वेगळी चूल मांडायची धमकी देत राहिली. आईनं कुंकू लावणं शेवटपर्यंत सोडलं नाही. फ्लेक्सवरच्या बाकी बायकांच्या घरी मी नंतर गेले होते, एकेकीला विचारायला. दोघींनी नवा फोटो काढून घेतला, कुंकवासकट, घराच्या आत, दार लावून. शेवंता आत्यांनी नको म्हटलं. "मला नगं बाई, सवय मोडली. पर इचारायला आलीस, बरं वाटलं," म्हणाल्या आणि मला गूळ-शेंगदाणे दिले. तो फ्लेक्स पुढे कुणाच्यातरी गोठ्यावर गेला. मलकापूरला नांदायला जाताना गाडीतून मला दिसला होता: उलटा टाकलेला, वर दगड ठेवलेले, आणि एका कडेला लिंबाचं झाड.

आता ती काळी खिडकी कुणाला लागत नाही. बाळू फोनवर बोट फिरवतो आणि माणसाच्या चेहऱ्यावरचं काहीही नाहीसं होतं. पण आज त्यानं फोन केला. त्याचा हात सवयीनं फोटोतल्या कपाळाकडे गेला असेल, आणि थांबला असेल. त्याला चौकातली ती सकाळ आठवली असणार, एवढं मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. राग कमी झाला असा याचा अर्थ नाही.

मी समोरचा फोटो त्याला पाठवला आणि फोन लावला.

"मिळाला," तो म्हणाला. मग आवाज खाली आणला. "ताई, ह्यो त्यो दुकानातला न्हवं? आप्पा बघतील. भावकी काय म्हनंल? एकदा समद्यास्नी इचारून घ्यू या का?"

"कुणाला इचारायचं न्हाई," मी म्हटलं. "जिला इचारायचं तिला मी तवाच इचारलंय. छाप."